दिवा छोटा चालतो, काच पुसलेली पाहिजे

अरे बाळा, विश्वासात नवीन नवीन असताना सगळ्यांनाच वाटतं की आता ऑफिसात, ट्रेनमध्ये, बिल्डिंगीत सगळ्यांना येशूबद्दल सांगत सुटायचं. मी पण तेच केलंय. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी बायबलचं वचन टाकायचो आणि संध्याकाळी पाण्याच्या वेळेवरून वॉचमनवर खेकसायचो, मग एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, वचन छान होतं हो आजचं. बस, कळलं काय ते 😄

बायबलात मत्तयच्या 5व्या अध्यायात दिवठणीवरच्या दिव्याचं आहे ना, दिवा लावून मापाखाली झाकत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, ते मला खरं समजलं लाईटहाऊसबद्दल वाचताना. आपल्या मुंबईच्या तोंडाशीच आहेत की, खांदेरीचं 1867चं, कुलाब्याजवळ प्राँग्जचं 1875चं. गंमत म्हणजे जुन्या काळी आत साधा तेलाचा दिवाच असायचा, 1823मध्ये फ्रान्समध्ये फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाची भिंगं पहिल्यांदा बसवली आणि तोच उजेड चहूकडे वाया न जाता क्षितिजाकडे वळायला लागला. म्हणून लाईटहाऊसच्या रखवालदाराचं निम्मं काम काय, तर काचेवरची काजळी पुसणं, वात कापणं, तेल भरणं. रोज. जहाजांच्या मागे धावणं नाही.

तर तू आधी रोज 15 मिनिटं प्रार्थना धर, ठाणे स्टेशनला गाडी येईपर्यंत केलीस तरी चालेल, आणि ज्याच्याशी भांडलायस त्याला आजच फोन कर, उद्यावर ढकलू नको. कुणी विचारलं तर सांग, नाही विचारलं तर डबा शेअर कर. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की तलावपाळीला भेट, बाकीचं बोलू.