दोन फोन

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा उद्यमनगरात वर्कशॉपवर आलास, तासभर बसलास आणि गाडीला किक मारता मारता म्हणालास, "काका, ते स्थळ बहुतेक मोडतंय." कोण मोडतंय, ते सांगितलं नाहीस. त्याआधी पाऊण तास मात्र तिचंच चाललं होतं. रंकाळ्यावर दोन तास बसलात, बोलण्याच्या नादात भेळ मऊ पडली, ती पतसंस्थेतल्या वसुलीचे किस्से सांगत होती, आणि तू तिला लेथवर बोट सापडलं त्या दिवशीची गोष्ट सांगितलीस. ती तू मला कधी धड सांगितली नव्हतीस, आणि त्या दिवशी तुला दवाखान्यात मी नेलं होतं!

मग तू दोस्तांना फोटो दाखवलास. "तुझ्यापुढं थोराड दिसती," एवढं एक वाक्य आलं, आणि आज चार दिवस तिच्या मेसेजला तुझं उत्तर नाही.

तर एक पिक्चर बघ. 'मार्टी'. अमेरिकन, १९५५ चा, काळा-पांढरा, उणापुरा दीड तास. खाली अक्षरं लावून बघ, ती माणसं भराभर बोलतात. काळा-पांढरा म्हणून नाक मुरडू नकोस. प्रभात कंपनी १९२९ ला ह्याच कोल्हापुरात उभी राहिली, आणि आपल्या आज्या-पणज्या तसल्याच पिक्चरला डोळे पुसत घरी यायच्या.

मार्टी हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला खाटीक. वय ३४, अंगानं आडवा, आईबरोबर राहतो. पिक्चर सुरू होतो तोच मटणाच्या दुकानात. धाकट्या भावाचं नुकतंच लग्न झालंय, आणि गिऱ्हाईक बायका मटण घेता घेता विचारतात, तुझं कधी रे बाबा? लाज वाटायला पाहिजे तुला! हा हसतो, पुडी बांधतो, पुढचं गिऱ्हाईक घेतो. आपल्याकडं रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभा राहिलास की तुलाही हेच ऐकावं लागतं. फरक एवढाच, की तू काउंटरच्या अलीकडं असतोस.

ह्या पिक्चरमध्ये दोन फोन आहेत, ते नीट बघ. पहिला शनिवारी संध्याकाळचा. महिन्यापूर्वी थिएटरात ओळख झालेल्या एका मुलीला तो फोन लावतो. पलीकडचं आपल्याला काही ऐकू येत नाही. फक्त त्याचा चेहरा, आणि कॅमेरा हळूहळू पुढं सरकत जातो. आधी तो स्वतःची ओळख पटवून देतो. मग आज जमेल का, बरं, पुढच्या शनिवारी? मग त्याच्या पुढचा? आणि मग डोळे मिटून घेतो. रडणं नाही, व्हायोलिन नाही. मी हा प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा उठून पाणी प्यायलो होतो.

हे काम करणारा अर्नेस्ट बोर्गनाईन. दोनच वर्षांपूर्वी एका पिक्चरमध्ये त्यानं असला क्रूर सार्जंट केला होता, की ह्याला नायक करायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल, ह्याचंच मला नवल वाटतं. लिहिणारा पॅडी चायेफ्स्की, दिग्दर्शक डेलबर्ट मान. आधी १९५३ ला ह्याच दोघांनी ते टीव्हीवर नाटक म्हणून केलं होतं. पुढं चार ऑस्कर मिळाली, आणि फ्रान्सच्या कान फिल्म महोत्सवाचा पाम द'ओर हा पुरस्कार ज्या वर्षी सुरू झाला त्या वर्षी तो ह्यालाच गेला. खाटकाच्या लग्नाच्या गोष्टीला!

त्याचा एक दोस्त आहे, अँजी. दोघं टेबलावर बसतात आणि एकमेकांना विचारत राहतात, आज रात्री काय करायचं? काय की, तुझं काय? तुमच्या कट्ट्यावर रोज साडेआठला ह्यापेक्षा वेगळं काय चालतं ते मला सांग. "काय करूया?" "तू सांग की." "तूच सांग." असं करत दहा वाजतात, मग एक जण गाडी काढतो.

आईच्या आग्रहाखातर तो त्या रात्री नाचाच्या हॉलमध्ये जातो. तिथं एक माणूस येऊन त्याला पाच डॉलर देऊ करतो: माझ्याबरोबर आलेली ही पोरगी तू घरी सोड, मला दुसरी भेटलीय. मार्टी घेत नाही. ती मुलगी क्लारा, केमिस्ट्रीची शिक्षिका, बाहेर जाऊन रडत असते, आणि हा मागोमाग जाऊन नाचणार का म्हणून विचारतो. पुढं दोघं रात्रभर हिंडतात, आणि एरवी "हो", "नाही"वर भागवणारा हा माणूस थांबायचं नावच घेत नाही. आपण इतकं कसं बोलतोय, ह्याचं त्याचं त्यालाच नवल. (भेळ मऊ पडली म्हणालास ना, तेव्हा मला हेच आठवलं.)

सगळंच गोड आहे असं नाही. घरी आल्यावर तो तिचं चुंबन घ्यायला बघतो आणि ती नको म्हटल्यावर आवाज चढवतो, ते आज खटकतं, आणि खटकलंच पाहिजे. त्याचे दोस्त बायकांविषयी जे बोलतात तेही ऐकवत नाही. पण दुसऱ्या दिवशी काय होतं ते बघ. दोस्त तिला नावं ठेवतात. स्वतः त्याला नाचाला धाडणारी आई म्हणते, वयानं मोठी वाटते, आपल्यातली नाही. आईला खरी भीती निराळीच असते, सून आल्यावर माझं काय? तुझी आई "नोकरीवाली हाय" म्हणते, त्यामागंही तेच नसेल कशावरून? तिच्याशी ह्यावर एकदा शांतपणे बोल, चिडू नकोस. अडीच वाजता फोन करतो म्हणून क्लाराला शब्द दिलेला असतो. अडीच वाजून जातात. ती घरी आईवडलांबरोबर टीव्हीपुढं बसलेली दिसते. पुढचं सांगत नाही, दुसरा फोन तुझा तू बघ.

मला हा पिक्चर एवढा का लागला, ते सांगतो. मी मार्टी नव्हतो, माझं लग्न चोविसाव्या वर्षी झालं. मी अँजी होतो. आमच्यातल्या एकाला त्याला आवडलेल्या मुलीविषयी, मिरजकर तिकटीला चहा पिताना, मी एक वाक्य बोललो होतो. चांगलं हशा पिकवणारं वाक्य होतं. तोही हसला, आणि तो विषय पुन्हा त्यानं काढला नाही. पुढं त्याचा संसार दुसरीकडं झाला, नीट झाला. पण मला आज ते वाक्य शब्दन् शब्द आठवतं आणि त्या मुलीचं नाव आठवत नाही.

शनिवारी रात्री बघ, एकटा बघ, कट्ट्यावर जायच्या आधी. रविवारी दुपारी आमच्याकडं पांढरा-तांबडा आहे, तुझी काकू वाट बघतीय. दोघं येणार असाल तर सकाळी आठच्या आत कळव, म्हणजे मटण अर्धा किलो जास्त आणता येईल. नंतर रांग वाढते.

तुझा,
काका