रिटायर झालेल्या जपानी ॲडल्ट स्टारच्या आठवणी फॅन्सनी जपाव्यात का?

जपाव्यात की, पण काय जपायचं ते आधी नीट ठरवा. आइ ईजिमाचं बघा, १९९२ मध्ये ॲडल्ट व्हिडिओत आली, मग टीव्हीवर गाजली, २००० चं आत्मचरित्र तुफान खपलं, २००७ ला रिटायर झाली आणि २००८ च्या डिसेंबरात गेलीच, अवघी ३६ वर्षांची. तिचा ब्लॉग नंतरही कित्येक वर्षं चालू होता, लोक तिथे कमेंटमध्ये तिच्याशीच बोलल्यासारखं लिहायचे, मला तर गलबलून येतं. खरं अर्काइव्ह ते! मुलाखती, मासिकांची कव्हरं, व्हीएचएसची रंग उडालेली खोकी तारखेसकट जपा. व्हिडिओ मात्र परत अपलोड करू नका, बऱ्याच जणींना ते बाजारातून काढून हवे असतात, २०२२ च्या जपानी कायद्याने करार रद्द करायचा हक्कही दिलाय. आणि रिटायर झालेली स्टार आता कुठे राहते हे शोधणं तर नकोच.