पहिले दोन महिने वेग विसर

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन बघून तुला पळावंसं वाटलं, हे फार छान झालं. पण लगेच दहा किलोमीटरचं नाव भरू नकोस. आधी आठवड्यातून तीनच दिवस पळ, मध्ये एक दिवस आराम. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस-पंचवीस मिनिटं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. दम लवकर सुधारतो, नडगीच्या हाडाला आणि गुडघ्याच्या स्नायुबंधांना मात्र वेळ लागतो, म्हणून हा धीर.

जागा म्हणशील तर शिवाजी पार्कची मातीच बरी. मरीन ड्राइव्ह सुंदर आहे, पण खाली सगळं टणक. पहाटे साडेपाचला निघ. आपल्याकडे दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग तापत राहतं. मे महिन्यात वेग आपोआप कमी होणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

बूट संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच. बाकी महागडं घड्याळबिड्याळ आत्ता नको. नडगीत एकाच जागी दुखत राहिलं, तर मात्र पळणं थांबव आणि डॉक्टरांना दाखव.