एकोणीस एप्रिलच्या दिनविशेषाविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा दिनविशेषाचा कच्चा मसुदा मिळाला. अमेरिकेच्या इतिहासावरील सदराची सुरुवात तू ४ जुलैने न करता १९ एप्रिलने करते आहेस, ही निवड मला आवडली. १७७५ पासून २०१३ पर्यंतच्या अकरा नोंदी तू सालवारीने लावल्या आहेस आणि बहुतेक साले व आकडे बरोबर आहेत. तरीही मसुदा वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती एवढेच लागते, की या तारखेला अमेरिकेत पुष्कळ काही घडले. पुष्कळ काही कोणत्याही तारखेला घडते; तीनशे पासष्ट घरांत दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास वाटला, की प्रत्येक घर भरतेच. तेव्हा प्रत्येक नोंदीपाशी थांबून एक प्रश्न विचारत जा: ही घटना घडवणाऱ्या माणसांना आधीच्या १९ एप्रिलची खबर होती का? हा प्रश्न लावलास, की तुझ्या अकरा नोंदींपैकी काही आपोआप एकमेकींजवळ सरकतील आणि काही गळून पडतील.

सुरुवात अर्थात १७७५ ची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या लढाईची. बॉस्टनमधील ब्रिटिश सेनापती जनरल थॉमस गेज याने १८ एप्रिलच्या रात्री सुमारे सातशे सैनिक कॉन्कर्ड गावातील दारूगोळा जप्त करण्यासाठी पाठवले. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानावर पहाटे त्यांची गाठ कॅप्टन जॉन पार्करच्या सत्त्याहत्तर गावकऱ्यांशी पडली. त्यांतले आठ मारले गेले. येथे तुझ्या दोन दुरुस्त्या करतो. ब्रिटिश निघाल्याची खबर देणारा पॉल रिव्हिअर रात्रभर घोडा फेकत कॉन्कर्डला पोचला, असे तू लिहिले आहेस. तो लेक्सिंग्टनपर्यंतच पोचला. पुढे ब्रिटिश गस्तीच्या हाती लागला आणि कॉन्कर्डला बातमी नेली ती सॅम्युअल प्रेस्कॉट या तरुण डॉक्टरने. दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. ‘ब्रिटिशांनी प्रथम गोळीबार केला’ हे वाक्य काढून टाक. पहिली गोळी कोणाची, याचा निवाडा आजवर झालेला नाही. ते वाक्य आले कोठून, हेच खरे तर लिहिण्यासारखे आहे. लढाईनंतर काही दिवसांतच मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे वसाहतीतल्या लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधिसभेने, प्रत्यक्षदर्शींच्या शपथेवरील जबान्या गोळा केल्या आणि सेलमच्या कॅप्टन जॉन डर्बीच्या जलद जहाजाने त्या इंग्लंडला धाडल्या. मे अखेरीस त्या लंडनमध्ये पोचल्या, तेव्हा जनरल गेजचा सरकारी अहवाल अजून समुद्रातच होता. म्हणजे या तारखेची हकिकत जगाने प्रथम ऐकली ती एका पक्षाच्या तोंडून, आणि तीही त्या पक्षाने मुद्दाम घाई करून ऐकवलेली. दिनविशेष लिहिणाऱ्याने हे डोळ्यांआड करू नये.

लेक्सिंग्टनवरच थांबू नकोस. त्या दिवसाचा खरा संहार परतीच्या वाटेवर झाला. कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजवर चकमक झाल्यावर ब्रिटिश माघारी वळले आणि दगडी कुंपणांच्या, झाडांच्या आडून त्यांच्यावर बॉस्टनच्या दिशेने मैलोन्‌मैल मारा होत राहिला. दिवसअखेर त्यांचे त्र्याहत्तर आणि वसाहतवाल्यांचे एकोणपन्नास लोक मेले होते. पुलावर पडलेल्यांत ॲक्टन गावच्या तुकडीचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस होता. हे नाव लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता १८६१. तुझ्या मसुद्यात त्याला एकच ओळ आहे: ‘बाल्टिमोर येथे दंगल’. माझ्या मते तुझ्या सदराचा कणा हीच नोंद आहे. दक्षिणेतील फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटले, राष्ट्राध्यक्ष लिंकनने पंचाहत्तर हजार स्वयंसेवक मागवले आणि मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण राजधानी वाचवायला निघाली. बाल्टिमोरमध्ये त्या काळी इंजिनाला शहराच्या रस्त्यांतून जायची मुभा नव्हती. प्रेसिडेंट स्ट्रीटच्या स्थानकावर डबे सोडवायचे, घोडे जुंपून प्रॅट स्ट्रीटने ओढत न्यायचे आणि कॅम्डन स्थानकावर पुन्हा इंजिन लावायचे, अशी व्यवस्था होती. पहिले काही डबे निघून गेले. मग दक्षिणेच्या बाजूच्या जमावाने रुळांवर वाळू ओतली, फरसबंदीचे दगड आणि बंदरातले जहाजांचे नांगर आणून टाकले. मागे राहिलेल्या सव्वादोनशेच्या आसपास सैनिकांना खाली उतरून चालत जावे लागले. दगड आले, मग गोळ्या आल्या. शहराचा महापौर जॉर्ज ब्राउन जमावाला आवरावे म्हणून काही अंतर सैनिकांच्या पुढे स्वतः चालला, पण व्हायचे ते झालेच. चार सैनिक आणि बारा नागरिक मेले. मेलेल्या सैनिकांत लोवेल गावचा ल्यूथर लॅड हा अवघा सतरा वर्षांचा होता.

या पलटणीत ॲक्टनची एक तुकडी होती आणि तिचे नाव होते ‘डेव्हिस गार्ड्‌स’, त्याच आयझॅक डेव्हिसच्या नावावरून. ही माणसे लहानपणापासून दर वर्षी १९ एप्रिलच्या कथा ऐकत वाढलेली होती. त्या दिवशी आपण कोणत्या तारखेला बंदुका घेऊन निघालो आहोत, हे त्यांना सांगावे लागले नसेल. आणि उत्तरेत बातमी पोचताच लोकांनी हाच संबंध लगेच जोडला. तारीख योगायोगाने आली, पण तिचा अर्थ तिच्यावर त्याच दिवशी चढला. अशी नोंद दिनविशेषात एका ओळीत संपवणे हा अपव्यय आहे.

त्याच दिवसाची आणखी एक गोष्ट तुझ्याकडून राहिली आहे आणि एका मराठी मुलीकडून ती राहावी याचे मला नवल वाटले. १९ एप्रिल १८६१ रोजीच लिंकनने दक्षिणेतील बंदरांच्या नाकेबंदीची घोषणा केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाऊण हिश्श्याहून अधिक कापूस तोवर अमेरिकेतून येत असे. तो आटला आणि लँकेशायरची नजर आपल्याकडे वळली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर भरमसाट चढले आणि प्रेमचंद रायचंद हे नाव घरोघरी झाले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळले आणि त्याबरोबर मुंबईतील पेढ्याही कोसळल्या. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर प्रेमचंद यांनी दिलेल्या देणगीतला, आणि ती देणगी त्याच तेजीच्या काळातली. तुझ्या वाचकाला हे सांगितलेस तर अमेरिकेतली तारीख त्याला परकी वाटणार नाही. मात्र हा धागा कार्यकारणाचा आहे, तारखेचा नाही, हे भान ठेव. नाकेबंदी २० तारखेला जाहीर झाली असती तरी मुंबईचे तेच झाले असते.

येथेच एका मोहापासून तुला सावध करतो. मसुद्याच्या शेवटी तू अनंत कान्हेरे यांचा उल्लेख केला आहेस. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली ती १९ एप्रिल १९१० रोजी, हे खरे. पण ‘ब्रिटिश सत्तेविरुद्ध पेटलेली तीच ज्योत त्याच दिवशी’ हे तुझे वाक्य टिकणार नाही. फाशीची तारीख त्या तिघांनी निवडली नव्हती, सरकारने ठरवली होती, आणि ठरवताना लेक्सिंग्टन कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. हुतात्म्यांना परक्या देशाच्या तारखेचा टेकू लागत नाही. त्यांची नोंद मराठी दिनविशेषात पहिल्या जागी असावी; अमेरिकेच्या सदरात ती ओढून आणू नये. आर्यभट उपग्रहाचेही तसेच. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोडला गेला आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष फोर्ड कॉन्कर्डच्या पुलावर द्विशताब्दीचे भाषण करत होते. गंमत म्हणून गप्पांत सांगायला ठीक आहे.

याच न्यायाने काही नोंदी सरळ कमी कर. १९५१ मधले कोरियन युद्धातील सेनापती जनरल मॅकआर्थर यांचे अमेरिकी काँग्रेसपुढील निरोपाचे भाषण गाजले, पण राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना ११ एप्रिलला बडतर्फ केले म्हणून ते त्या आठवड्यात झाले, इतकेच. १९८९ मध्ये ‘आयोवा’ युद्धनौकेच्या तोफबुरुजात स्फोट होऊन सत्तेचाळीस खलाशी गेले, त्याचाही तारखेशी संबंध नाही. (नौदलाने आधी एका मृत खलाशावर ठपका ठेवला आणि पुढे त्याच्या कुटुंबाची माफी मागितली, ही कथा स्वतंत्र लेखाच्या तोलाची आहे.) १८६५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये लिंकनचा अंत्यविधी याच तारखेला झाला, तो ठेवायचा की नाही, हे खाली १९९५ पाशी आल्यावर ठरव.

मॅरेथॉनची नोंद मात्र ठेव आणि नीट लिही, कारण तिथे तारीख जाणूनबुजून घेतलेली आहे. मॅसॅच्युसेट्सने १८९४ मध्ये १९ एप्रिल हा ‘पेट्रिअट्‌स डे’ म्हणून सुटीचा दिवस केला आणि १८९७ मध्ये त्याच सुटीला बॉस्टनची पहिली मॅरेथॉन झाली. ॲशलंडहून पंधरा जण धावले, न्यूयॉर्कचा जॉन मॅकडरमॉट जिंकला. १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावली आणि शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला, तो दिवसही १९ एप्रिलच, कारण शर्यत तेव्हा तारखेला बांधलेली होती. १९६९ पासून ही सुटी एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी गेली. हे ध्यानात न आल्याने तुझी २०१३ ची नोंद चुकली आहे: मॅरेथॉनमधले बाँबस्फोट १५ एप्रिलला झाले, १९ तारखेला वॉटरटाउनमध्ये एका घरामागच्या बोटीत लपलेला दुसरा संशयित पकडला गेला.

आता अवघड भाग. १९९३ मध्ये टेक्ससमधील वेको गावाजवळ डेव्हिड कोरेशच्या पंथाच्या वसाहतीला पडलेला एक्कावन्न दिवसांचा वेढा १९ एप्रिलला संपला. एफबीआयने अश्रुधूर सोडला, पुढे आग लागली आणि आत शहात्तर माणसे मेली, त्यांत वीसहून अधिक मुले. तो दिवस निवडताना १७७५ चा विचार कोणी केला नव्हता. पण केंद्र सरकारचा द्वेष करणाऱ्या सशस्त्र गटांनी तो अर्थ नंतर त्यात वाचला. वेढा चालू असताना टिमथी मॅकव्हे तिथे जाऊन मोटारींवर चिकटवायच्या सरकारविरोधी पट्ट्या विकत बसला होता. दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी, त्याने ओक्लाहोमा सिटीतील मुरा फेडरल इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला. एकशे अडुसष्ट माणसे मेली, त्यांत एकोणीस मुले, बहुतेक इमारतीतल्या पाळणाघरातली. ट्रक भाड्याने घेताना त्याने वापरलेल्या खोट्या परवान्यावर तो दिल्याची तारीख होती १९ एप्रिल १९९३. स्फोटानंतर दीड तासाने, गाडीला मागची नंबरपाटी नाही म्हणून एका पोलिसाने त्याला अडवले, तेव्हा त्याच्या अंगातल्या शर्टावर लिंकनचे चित्र होते आणि त्याखाली लिंकनच्या मारेकऱ्याने उच्चारलेले ‘अत्याचाऱ्यांची गत नेहमी अशीच’ या अर्थाचे लॅटिन वाक्य.

म्हणजे तुझ्या यादीतल्या तीन नोंदी, १७७५, १८६५ आणि १९९३, या माणसाने आपल्या हातांनी एकत्र बांधल्या. म्हणूनच हा परिच्छेद सावधपणे लिहायला हवा. तारखांची माळ छान जुळते म्हणून तू ती तशीच मांडलीस, तर त्याने सांगितलेली गोष्ट तू त्याच्या वतीने सांगशील. लेक्सिंग्टनचे लोक स्वतःच्या गावच्या मैदानावर, नावानिशी, समोर उभ्या असलेल्या सैन्यासमोर उभे होते आणि त्यांच्यामागे त्यांनीच निवडलेली प्रांतिक काँग्रेस होती. पाळणाघराखाली ट्रक लावून निघून जाणाऱ्याने त्यांच्याशी नाते सांगावे, हा त्याचा दावा आहे, आणि तो दावा म्हणूनच छापला जावा. ओक्लाहोमातील स्मारकाची रचना करणाऱ्यांनी तारखेचा बडेजाव टाळला आहे: दोन दरवाजे, एकावर ९:०१ आणि दुसऱ्यावर ९:०३, आणि मध्ये हिरवळीवर एकशे अडुसष्ट रिकाम्या खुर्च्या, त्यांतल्या एकोणीस लहान. स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत वृत्तवाहिन्यांनी मध्यपूर्वेतल्या लोकांवर संशय घेतला होता, हेही एका वाक्यात लिही. तेव्हा खबरदारी घेतली नाही याची किंमत निरपराध माणसांनी मोजली.

राहता राहिला १८९८ चा, स्पेनशी युद्धाकडे नेणारा क्यूबाविषयीचा ठराव. काँग्रेसने तो १९ एप्रिलला संमत केला आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी २० ला सही केली. दोन्हीपैकी कोणती तारीख धरायची, हे तुझ्या संपादकांना विचारून संपूर्ण सदरासाठी एकदाच ठरवून घे, म्हणजे पुढे ४ जुलैच्या जाहीरनाम्यापाशी, जिथे मतदान २ जुलैला झाले आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या, पुन्हा अडायला नको. १८६१ चा परिच्छेद आधी लिही आणि तेवढाच मला पाठव. बाकीचे त्याच्या मागून येऊ दे.

कळावे.

तुझे सर