‘पेपर नंतर देतो’ : श्वानपालकांचे प्रश्न

हिवाळ्यात श्वानप्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये आजारांपेक्षा कागदपत्रांविषयीचे आणि रिंगमधील निकालांविषयीचे प्रश्न अधिक असतात. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी आम्ही लॅब्रॅडॉरचे काळे पिल्लू विकत घेतले. विक्रेत्याने त्याचे आईवडील म्हणून दोन पिवळी कुत्री दाखवली आणि केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर महिनाभरात येतील असे सांगितले. आता बऱ्याच तगाद्यानंतर त्याने एका प्रमाणपत्राची छायाप्रत पाठवली आहे. ती खरी समजावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत बोलकी गोष्ट प्रमाणपत्रात नाही, ती रंगात आहे. लॅब्रॅडॉरमध्ये दोन काळ्या कुत्र्यांना पिवळी पिल्ले होऊ शकतात, कारण पिवळ्या रंगाचा जनुक काळ्या कुत्र्यात दडून राहू शकतो. उलट बाजूने तसे घडत नाही. पिवळ्या कुत्र्याकडे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असल्यामुळे दोन पिवळ्या पालकांची सर्व पिल्ले पिवळीच निघतात. म्हणजे आपल्याला दाखवलेल्या जोडीपैकी किमान एक जण आपल्या पिल्लाचा पालक नाही, आणि हे सांगण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

आता कागदाविषयी. केनेल क्लब ऑफ इंडियाचे मुख्यालय चेन्नईला आहे आणि तेथील नोंदणीची साखळी ब्रीडरपासून, म्हणजे पिल्लांची पैदास करणाऱ्यापासून, सुरू होते. आई व वडील दोघेही नोंदणीकृत असतील, तर आईचा मालक संपूर्ण वेताची, म्हणजे लिटरची, नोंदणी करतो. त्या अर्जावर नर कुत्र्याच्या मालकाचीही सही लागते. पिल्ले आधी ब्रीडरच्या नावावर चढतात आणि विक्रीनंतर हस्तांतराच्या अर्जावर त्याने सही केली की नव्या मालकाच्या नावे होतात. त्यामुळे ‘पेपर नंतर येतील’ हे वाक्य काही वेळा प्रामाणिकही असते, कारण या कामाला वेळ लागतो. परंतु सही केलेला हस्तांतराचा अर्ज विक्रीच्याच दिवशी देण्यास काहीच अडचण नसते, आणि तो मागितल्यावर जो विक्रेता विषय बदलतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडताळणीचा पहिला टप्पा सोपा आहे. पिल्लाला घेऊन पशुवैद्यकाकडे जा आणि मायक्रोचिप आहे का, ते स्कॅनरने पाहा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ त्वचेखाली टोचलेली असते. कधी कधी ती खांद्याकडे सरकते, म्हणून डॉक्टरांना स्कॅनर संपूर्ण मान आणि दोन्ही खांद्यांवरून सावकाश फिरवायला सांगा. पडद्यावर पंधरा अंकी क्रमांक येईल. तो प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी अंकागणिक जुळला पाहिजे. चिपच सापडली नाही, तर हातातला कागद कोणत्या तरी दुसऱ्या कुत्र्याचा आहे असे धरून चाला आणि नोंदणी क्रमांक देऊन क्लबकडे लेखी विचारणा करा. (चिप म्हणजे जीपीएस नव्हे; हरवलेला कुत्रा तिच्यामुळे मोबाइलवर दिसत नाही. हा गैरसमज मी दर आठवड्याला ऐकतो.)

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. प्रमाणपत्र पूर्णपणे खरे निघाले, तरी ते मुळात वंशावळीची नोंद आहे. आपल्या जन्मदाखल्यावरून जसे रक्तदाब किती हे कळत नाही, तसे या कागदावरून खुब्याचे सांधे कसे आहेत, हे कळत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा विकार सर्रास आढळतो आणि त्यासाठी आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहावे लागतात. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या पद्धतीत त्यांना ए ते ई अशी श्रेणी देतात. पिल्लू घ्यायला गेलेले कुटुंब आजोबा-पणजोबांच्या किताबांची यादी कौतुकाने वाचते आणि हा एक्स-रे मात्र मागत नाही. विक्रेत्याकडे ब्रीडर म्हणून राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी आहे का, हेही विचारा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ती बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे.

प्रश्न : आमच्या शेतावर आजोबांच्या काळापासून कारवान कुत्री आहेत. वंशावळीचा कागद कधी कोणी केला नाही. आमच्या दोन वर्षांच्या नराला प्रदर्शनात उतरवता येईल का? काही जण याला मुधोळ म्हणतात. ही एकच जात आहे का?
— एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला. नावाचा घोळ असा आहे की, केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कारवान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ही वेगळी संस्था ‘मुधोळ हाउंड’ हे नाव वापरते. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळचे नाव या जातीला चिकटले, असे सांगतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांवरही ‘मुधोळ हाउंड’ असेच छापले होते. आपल्या भागात मात्र लोक कारवानच म्हणतात आणि कानांवर, शेपटीवर लांब रेशमी केस असतील तर पश्मी. तुम्ही घरात जे नाव वापरता ते बदलण्याचे कारण नाही. अर्जावर मात्र ज्या क्लबकडे अर्ज कराल, त्याच्या यादीतील नाव लिहा.

कागद नसल्याने दार बंद होत नाही. वंशावळ अज्ञात असलेल्या कुत्र्यासाठी केनेल क्लब ऑफ इंडियाकडे स्वतंत्र नोंदणी आहे. परीक्षक कुत्र्याला प्रत्यक्ष पाहून तो जातीच्या मानकात, म्हणजे आदर्श रूपाच्या लिखित वर्णनात, बसतो का, ते ठरवतात, चिप बसवली जाते आणि आईवडिलांच्या रकान्यात ‘अज्ञात’ अशी नोंद होते. देशी जातींसाठी हा मार्ग मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडची उत्तम कारवान कुत्री अजूनही शेतांवर आणि वाड्यांवस्त्यांवर आहेत, नोंदवहीत नाहीत. जवळच्या शहरातील संलग्न क्लबला प्रदर्शनाची तारीख आणि अर्जाची मुदत आधी विचारून घ्या. आयत्या वेळी मैदानावर जाऊन प्रवेश मिळेल, असे गृहीत धरू नका.

आता खरी अडचण. कारवान कुत्र्याला परक्याने अंगाला हात लावलेला आवडत नाही, आणि रिंगमध्ये परीक्षक नेमके तेच करतात. ते ओठ उचलून दात पाहतात, खांद्यावरून, छातीवरून, मांडीवरून हात फिरवतात आणि नराचे दोन्ही अंडकोष खाली उतरले आहेत का, ते तपासतात. शेतावर वाढलेला नर अशा वेळी मागे सरतो किंवा गुरगुरतो, आणि मग चाल पाहण्याची वेळच येत नाही. म्हणून आजपासून रोज एका वेगळ्या माणसाला बोलवा. सालगडी, शेजारी, शाळेतून येणारा भाचा, कोणीही चालेल. पहिले आठ दिवस त्याने फक्त जवळ उभे राहून भाकरीचा तुकडा द्यावा, पुढचे आठ दिवस खांद्याला हात लावावा, आणि तोंडाकडे सर्वांत शेवटी जावे. घाई केलीत, तर महिन्याची मेहनत एका दिवसात वाया जाईल.

त्याला लठ्ठ करण्याचा मोह टाळा. नातेवाईक ‘कुत्रा उपाशी ठेवलाय का?’ असे विचारतील, परंतु पळणाऱ्या हाउंडच्या कमरेची हाडे किंचित दिसणे हे त्या जातीचे रूप आहे. आणि एक विनंती : ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्र्यांचा उल्लेख केल्यापासून शहरांतही या जातींची विचारणा वाढली आहे. आपल्या नराला बक्षीस मिळाले की जोडीसाठी लोक दारात येतील. मादी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रश्न : आमचा ब्रूनो हा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर सोसायटीत सर्वांचा लाडका आहे. पहिल्याच प्रदर्शनात त्याला चौथा क्रमांक मिळाला आणि त्याच्याहून लहानखुरा, काटक कुत्रा पहिला आला. परीक्षकांनी ब्रूनोकडे दोन मिनिटेही पाहिले नाही. हा पक्षपात नव्हे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन मिनिटे हा अशा रिंगमध्ये पुरेसा वेळ असतो, ताई. परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करतात असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात ते प्रत्येकाला जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहतात. आपण सोबत पाठवलेल्या छायाचित्रात ब्रूनोला कंबर दिसत नाही. पाठ टेबलासारखी सपाट आणि रुंद झाली आहे. लॅब्रॅडॉर हा मुळात शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून उचलून आणणारा कुत्रा आहे, आणि परीक्षक मनात हाच प्रश्न विचारत असतात की हा कुत्रा दिवसभर ते काम करू शकेल का. चालताना त्याच्या एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे पडत असतील, तर तोही दोष धरला जातो. दुडक्या चालीत कर्णावरचे पाय जोडीने पडावे लागतात. घरी कोणाला तरी त्याला सरळ रेषेत पळवायला सांगा आणि मोबाइलवर बाजूने चित्रण करून संथ गतीने पाहा.

वजनाचा सगळा दोष आपल्याकडे येत नाही. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, जवळपास चारांतील एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा ठरावीक बदल आढळतो आणि अशी कुत्री अन्नामागे अधिक असतात. तरीही वाडगा आपणच भरतो. तूप लावलेली पोळी बंद करा.

प्रश्न : आम्ही पुण्याहून आमची गावठी कुत्री सोबत आणली आहे. इथल्या केनेल क्लबच्या स्पर्धांमध्ये तिला स्थान आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : रूपाच्या स्पर्धेत नाही, कारण तिथे ताडून पाहण्यासाठी मानकच उपलब्ध नाही. अमेरिकन केनेल क्लबने मिश्र वंशाच्या कुत्र्यांसाठी ‘कॅनाइन पार्टनर्स’ ही नोंदणी २००९ मध्ये सुरू केली. त्या नोंदणीवर ती आज्ञापालन आणि अ‍ॅजिलिटी (अडथळ्यांची शर्यत) या दोन्ही प्रकारांत उतरू शकते. अ‍ॅजिलिटीसाठी वय किमान पंधरा महिने हवे. उड्या आणि बोगदे आपली गावठी कुत्री हसतखेळत शिकते. घोडे अडते ते ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जाताना, कारण पहिली काठी तिच्या डाव्या खांद्याला राहील अशाच बाजूने तिला आत शिरावे लागते, आणि वेगात आलेली कुत्री हमखास दुसऱ्या बाजूने घुसते.

त्याआधी तिला ‘कॅनाइन गुड सिटिझन’ या शिस्तीच्या चाचणीला बसवावे, असे मी सुचवेन. ही चाचणी १९८९ पासून घेतली जाते. तिचे दहा भाग आहेत आणि परीक्षेच्या वेळी खाऊ दाखवता येत नाही. तिच्यासाठी सर्वांत कठीण भाग बहुधा शेवटचा ठरेल : मालक नजरेआड असताना तिला तीन मिनिटे परक्या माणसाजवळ शांत राहायचे असते. परदेशात घर बदललेल्या कुत्रीला ही तीन मिनिटे फार मोठी वाटतात. तीस सेकंदांपासून सुरुवात करा.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी आमच्या बीगलला रिंगमध्ये स्वतः नेण्याचा हट्ट धरून आहे. तिला पाठवावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अवश्य पाठवा. अनेक प्रदर्शनांत मुलांसाठी हाताळणीची वेगळी स्पर्धा असते आणि तिथे गुण कुत्र्याच्या रूपाला नसून मुलाच्या हाताळणीला असतात. पट्टा हातात गुंडाळून छोटा ठेवणे, बीगलला टेबलावर नीट उभे करणे आणि स्वतः कधीही कुत्र्याच्या व परीक्षकांच्या मध्ये न येणे, एवढे तिला पक्के शिकवा. परीक्षक मुद्दाम जागा बदलतात. ते दुसऱ्या बाजूला गेले की तिनेही पट्ट्याचा हात बदलून पलीकडे जायचे असते. घरी आपण परीक्षक व्हा, तिला न सांगता फेरी मारा आणि ती केव्हा चुकते, ते पाहा. प्रदर्शनाच्या दिवशी मात्र आपण दोराबाहेर बसून गप्प राहायचे आहे.