एकटीने संसार ओढलेल्या आजीबद्दल वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत काय लिहावं?

'प्रेमळ, सोशिक, कष्टाळू' यापुढे काही सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते तिन्ही शब्द आधी खोडा. माझ्या आजीच्या दहाव्याला मामा हेच बोलला होता, आणि मृत्यूनोंदणीच्या अर्जात व्यवसायापुढे त्याने 'गृहिणी' लिहिलं होतं.

आजी लालबागला खाणावळ चालवायची. चाळीतली एक खोली, आजोबा लवकर गेलेले, आणि रोज बावीस गिरणी कामगार जेवायला. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबे भरून हवेत, म्हणून पहाटे तीनला स्टोव्ह पेटायचा. तिला लिहिता येत नव्हतं. दाराआडच्या भिंतीवर कोळशाने प्रत्येकाची खूण काढलेली: कुणाची छत्री, कुणाचा मासा. जेवला नाही त्या दिवशी खाडा, म्हणजे खुणेखाली आडवी रेघ. पगाराच्या दिवशी ती भिंतीकडे बघून हिशोब सांगायची. एक खाडा इकडचा तिकडे झाला नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पगार बंद, उधारी चढत गेली. आजीने ताटं बंद केली नाहीत, पाटल्या मोडल्या. मामा अजून म्हणतो, 'तिला व्यवहार कळत नव्हता.' कळत होता. गावी गेलेल्यांच्या खुणा तिने पुसल्या नाहीत. दिवाळीला चुना काढताना तेवढा कोपरा सोडायची. 1987 साली छत्रीवाला संगमेश्वरहून आला, तांदळाची अर्धी गोणी आणि पैसे घेऊन. तिने आधी त्याला जेवायला वाढलं, मग ओल्या फडक्याने छत्री पुसली. सगळे आले नाहीत. चाळ पाडली तेव्हा मासा भिंतीवर होता.

अशाच खाणावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. बँकेने ज्यांचा धंदा मान्य केला, त्यांना घरच्यांनी गृहिणी म्हणायचं?

तर तुमच्या आजीने काय विकलं, कितीला, पहाटे किती वाजता उठून, ते लिहा. तिच्या हातचं खाल्लेल्या किंवा तिच्याकडून माल घेतलेल्या दोन माणसांना गाठा. घरच्यांना निम्मं माहीत नसतं.

एक मात्र आहे. माझ्या आईची शाळा सातवीत सुटली, कारण पोळ्या लाटायला दुसरं कुणी नव्हतं. आई त्याबद्दल आजीवर शेवटपर्यंत रागावलेली होती. तुमच्या घरात असं काही असेल, तर ज्याचं दुखणं आहे त्याला विचारून लिहा, पण गाळू नका. आम्ही आईच्या शब्दांत छापलं. नावाखाली 'खाणावळ मालकीण' असं मी घातलं. मामाने पुस्तिका नेली नाही, पण मामी दोन प्रती घेऊन गेली.