स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला दोन दिवस आहोत, आईबाबांना झेपेल आणि वरून समुद्र दिसेल अशी टेकडी कुठली?

बेन ब्रॅगी, डोळे मिटून. गॉल्स्पी गावाच्या अगदी डोक्यावर आहे, उंची 397 मीटर, पण सुरुवात जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून होते त्यामुळे चढ सगळाच्या सगळा आपल्याला चढावा लागतो. तरी सिंहगड पायथ्यापासून चढलेल्या माणसाला जड जाणार नाही. मी मे महिन्यात आईला घेऊन गेलो होतो, ती 61 वर्षांची, पायात साधे स्पोर्ट्स शूज, थांबत थांबत पावणेदोन तासांत वर.

गावातल्या फाउंटन रोडने सरळ वर जायचं, रेल्वेच्या पुलाखालून, शेताजवळून, मग झाडी लागते. तिथे सायकलवाल्यांच्या वाटा आडव्या येतात, कान उघडे ठेवा. झाडी संपली की नुसता वारा, जाड जॅकेट हवंच, खाली ऊन असलं तरी. वरून डॉर्नक फर्थ आणि लॉख फ्लीट या खाड्या आणि पलीकडे टार्बट नेसचं टोक, हवा स्वच्छ असेल तर तासभर बसावंसं वाटतं.

पण वर जो अवाढव्य पुतळा आहे ना, तो कोणाचा ते आईबाबांना आधी सांगून ठेवा. सदरलंडचा पहिला ड्यूक, पुतळा 1837 चा, चौथऱ्यासकट साधारण 30 मीटर. याच्याच इस्टेटीतून 1810 च्या दशकात हजारो लोकांना आतल्या खोऱ्यांतून हुसकावून किनाऱ्यावर आणलं, घरं जाळली, का तर तिथे मेंढ्या पाळायच्या होत्या. आणि चौथऱ्यावर लिहिलंय की हे स्मारक शोकाकुल, कृतज्ञ कुळांनी उभारलं. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं आणि कूळ म्हटल्यावर ती एकदम गप्पच झाली, कारण तिचे आजोबा रत्नागिरीकडे खोताचं कूळ होते, त्या गोष्टी तिने लहानपणी ऐकलेल्या. हा पुतळा पाडा अशी मागणी इथल्याच लोकांनी केलेली आहे, आणि मला ती मनापासून पटते.

इन्व्हरनेसहून ट्रेन आहे पण ती लेर्ग गावावरून आत वळसा घालून येते, घाई असेल तर बस बघा. वेळ उरला तर पुढे हेल्म्सडेललाही जा. तिथे असं हुसकावल्यावर देश सोडून गेलेल्यांचं स्मारक आहे, एक कुटुंब, त्यातली बाई बाळ कडेवर घेऊन मागे खोऱ्याकडे बघतेय.